सहेरीच्या तक्त्यातला अंधार

रमजान सुरू होण्याच्या आठवडाभर आधी घरोघरी एक तक्ता येतो. वर मशिदीचे चित्र, खाली मोबाइलच्या किंवा कापडाच्या दुकानाची जाहिरात आणि मधे तीस ओळी: तारीख, वार, सहेरी संपण्याची वेळ, इफ्तारची वेळ. तो फ्रिजच्या दाराला चिकटतो आणि महिनाभर सगळे घर त्याच्यावर चालते. आकाश पाहणाऱ्यांसाठी याच्याइतका सोपा आणि फुकटचा तक्ता दुसरा नाही, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही.

सहेरीची शेवटची वेळ म्हणजे सुब्ह-ए-सादिक, खरी पहाट. आपल्या भागातले बहुतेक तक्ते सूर्य क्षितिजाच्या खाली १८ अंशांवर आला की ती सुरू झाली असे धरतात. कोणी एहतियात म्हणून त्यातली दोन-चार मिनिटे आधीच कापून घेतात. खगोलशास्त्रातही हाच १८ अंशांचा आकडा आहे. तिथपर्यंत रात्र निव्वळ काळी असते, त्यानंतर तिच्यात सूर्याचा उजेड मिसळू लागतो आणि अंधुक तारे एकेक करून गळतात. संध्याकाळी इशाची वेळ होते तेव्हा हाच हिशेब उलट्या बाजूने पुरा झालेला असतो. थोडक्यात, इशाच्या अजानपासून सहेरीच्या शेवटच्या घोटापर्यंत जेवढा वेळ, तेवढा खरा अंधार.

आणि तक्त्यातला पहिला रकाना? तो तर चंद्राचाच. तारे बघायचे तर चंद्र नको, ही पहिली अट. इंग्रजी कॅलेंडर बघणाऱ्याला त्यासाठी वेगळी चौकशी करावी लागते. रोजेदाराला आजचा रोजा कितवा एवढे ठाऊक असले की पुरे. पहिल्या आठ-दहा रोज्यांना चंद्र संध्याकाळी असतो आणि मध्यरात्रीच्या आगेमागे मावळतो, तेव्हा सहेरीचे आकाश मोकळे. बारा ते अठरा हे दिवस सोडूनच द्यावेत, चांदण्यात न्हालेल्या डोंगराचे सुख वेगळे, पण तारे धुऊन निघतात. एकविसाव्या रात्रीपासून चंद्र मध्यरात्रीच्या पुढे सरकतो, मग तरावीहनंतरचे दोन-अडीच तास आपले. सत्ताविसाव्या रात्री, जेव्हा निम्मे गाव जागे असते, चंद्र उगवतो तो थेट सहेरी उरकता उरकता, तोही नखाएवढी कोर होऊन. वर्षातल्या सर्वांत काळ्या रात्रींपैकी एक रात्र आपण जागून काढतो, आणि ती बहुतेक छताखाली.

शिवाय सध्या ऋतूही बाजूने आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. दहाएक वर्षांपूर्वी तो जून-जुलैत होता. रोजा पंधरा तासांचा आणि आकाश ढगांनी बंद. आता तो थंडीच्या शेपटात आला आहे, पुढची काही वर्षे ऐन थंडीत शिरणार आहे, आणि २०३० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा असे दोनदा सुरू होणार आहे. मराठवाड्यात कोरडे, स्वच्छ आकाश याच महिन्यांत मिळते.

एवढे सगळे जुळून आल्यावर प्रश्न उरतो तो जागेचा. मी खुलताबादबद्दल सांगते, कारण माझे माहेर तिथले आणि शोधाशोधही तिथलीच.

खुलताबाद पठाराच्या कडेवर वसलेले तटबंदीचे गाव आहे. नगारखाना, पांगरा अशा जुन्या वेशी अजून उभ्या आहेत. लोक इथे येतात ते दर्ग्यांसाठी, मजारींसाठी, वेरूळला जाता जाता. गाव लहान, तालुक्याचे. तेव्हा अंधार दाराशीच असेल असे वाटते. तसे नाही. छत्रपती संभाजीनगर आग्नेयेला हवाई अंतराने वीस-बावीस किलोमीटरवर आहे. दक्षिणेला वाळूजची औद्योगिक वसाहत. माळीवाड्याजवळ समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज. रात्री गच्चीवर जाऊन दौलताबादच्या दिशेने बघा: क्षितिजावर पिवळट-पांढरा घुमट बसलेला दिसतो, जसे काही तिकडे कायमचा चंद्र उगवणार आहे. त्यात गावातल्याच चौकातला उंच खांबावरचा दिवा. पूर्वी हे दिवे पिवळे असत. आताचे एलईडी पांढरे, त्यात निळा अंश जास्त, आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. विजेची बचत झाली हे खरे, पण तारे दोन पावले मागे गेले.

म्हणून जागा शोधताना मी आधी एकच गोष्ट ठरवते: मला कुठली दिशा हवी आहे? सगळ्या बाजूंनी काळे असलेले ठिकाण आपल्या भागात आता शोधून सापडायचे नाही. उजेडाकडे पाठ करून उभे राहता येईल अशी जागा सापडते.

पहिली शूलिभंजनची टेकडी, गावापासून अगदी जवळ. वर दत्ताचे मंदिर, संत एकनाथांच्या तपश्चर्येशी जोडलेली जागा. जवळच परियों का तालाब. नावे ऐकूनच कळते की इथे रात्री बसणारी माणसे पूर्वीपासून होती. माथा मोकळा आहे, पश्चिमेला आणि उत्तरेला नजर लांब जाते. दक्षिण मात्र वाया गेलेली. तरावीहनंतर तासाभरासाठी, घरच्या पोराबाळांना घेऊन जायचे असेल तर मी हीच जागा सांगेन. नुसते डोक्यावर बघा. फेब्रुवारीच्या अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास पुष्य नक्षत्र डोक्यावर येते, आणि ‘डोक्यावर’ हा शब्द इथे मोजून वापरला आहे: खुलताबादचे अक्षांश वीस, पुष्यातल्या तारकागुच्छाची क्रांतीही जवळपास वीस, त्यामुळे तो माथ्यावरून जवळजवळ सरळ जातो. अंधार चांगला असेल तर तिथे कापसाच्या बोळ्यासारखा धूसर डाग दिसतो. सुमारे सहाशे प्रकाशवर्षांवरच्या शेकडो ताऱ्यांचा तो गुच्छ आहे. गावातल्या गच्चीवरून तो दिसत नाही. शूलिभंजनवरून कष्टाने दिसतो. म्हैसमाळला कुणी दाखवावा लागत नाही. जागा चांगली की वाईट हे ठरवायला मला दुसरे कुठलेही यंत्र लागत नाही.

म्हैसमाळ खुलताबादहून बारा किलोमीटर, उंची हजार मीटरहून थोडी जास्त. दिवसभर खाली साचलेली धूळ आणि धूर बऱ्यापैकी पायाखाली राहतो, हा उंचीचा खरा फायदा. संभाजीनगरचा घुमट इथूनही दिसतो, पण बुटका होऊन. उत्तरेला आणि पश्चिमेला कडा तुटलेला, खाली दरीत वस्त्यांचे मोजके दिवे. दूरदर्शनच्या मनोऱ्यापासून थोडे बाजूला बसायचे. शनिवार-रविवार टाळायचे, हॉटेलांतले स्पीकर सहन करता येतात, पण वळणावर अंगावर येणारे मोटारींचे दिवे नाही. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि एक हेडलाइट ती सगळी मिनिटे एका क्षणात परत घेतो. मोबाइलचेही तेच. बॅटरीला लाल जिलेटीनचा कागद गुंडाळला की काम भागते. वारा मात्र झोंबतो. घरून निघताना शालीची थट्टा करणारे वर गेल्यावर तीच शाल मागतात.

त्याही पलीकडे उत्तरेला कन्नडच्या बाजूने गौताळा औट्रमघाट अभयारण्य. १९८६ साली ते जाहीर झाले, क्षेत्र २६० चौरस किलोमीटर. नकाशावर तिथला काळा पट्टा बघून पोरे हुरळतात. मी त्यांना थांबवते. रात्री अभयारण्यात जायला परवानगी नसते आणि ती नसावीच. बिबट्या आहे, आणि अंधार हा त्याचा आहे. जंगलाबाहेरच्या एखाद्या गावात ओळख काढून मुक्काम केला तर आकाश तेच मिळते.

माझ्या मते सगळ्यांत चांगली जागा कुठल्याही नकाशावर नाही. ती म्हणजे ओळखीच्या शेतकऱ्याचे रान. माझ्या एका विद्यार्थ्याचे शेत वेरूळच्या पलीकडे उतारावर आहे. पठाराचा कडाच पूर्वेच्या बाजूला उभा राहतो आणि शहराचा उजेड आडोशाला जातो. विहीर आहे, खळे आहे, एक कुत्रा आहे जो पहिल्या दहा मिनिटांत ओळख करून घेतो. गव्हाला पाणी द्यायला थ्री फेज लाइट रात्रीची येते, तेव्हा त्याचे वडील आमच्या आधीपासून जागेच असतात. मुलांना मी मृग नक्षत्र दाखवत होते, तर ते बारे मोडता मोडता म्हणाले, ‘आम्ही याला तिकांडं म्हणतो. तिकांडं कललं की मोटर बंद करायची.’ त्यांना राजन्य, काक्षी ही नावे ठाऊक नव्हती, आणि माझ्या मुलांना नावे ठाऊक होती पण तारे कधी दिसले नव्हते.

नावांचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबते, कारण हा माझ्या आवडीचा भाग आहे. मी वर्गात हजेरी घेते तेव्हा निम्मे आकाश हजर असते. परवीन आणि सुरैया या दोन्ही कृत्तिका: एकीचे नाव फारसी, दुसरीचे अरबी. नाहीद आणि जोहरा या दोघी शुक्राच्या चांदण्या. सुहैल म्हणजे अगस्त्य. आणि त्यांच्याच बाकावर रोहिणी, चित्रा, स्वाती, अश्विनी, अभिजित. एकदा मी सुहैलला विचारले, तुझा तारा पाहिलास का? नाही म्हणाला. फेब्रुवारीत रात्री साडेआठला तो बरोबर दक्षिणेला असतो, आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा, पण आपल्या अक्षांशावरून क्षितिजाच्या वर जेमतेम सतरा अंश. खुलताबादहून नेमका वाळूजच्या उजेडात. त्याला म्हैसमाळहून तो दाखवला. बराच वेळ काही बोलला नाही, मग फोन काढून आईला म्हणाला, ‘अम्मी, मैं दिख रहा हूँ.’

अरबांच्या चंद्राच्या मंझिली अठ्ठावीस, आपली नक्षत्रे सत्तावीस, अभिजित धरले तर अठ्ठावीसच. कुरआनातही चंद्राच्या मंझिलींचा उल्लेख आहे. त्यांची सुरैया तिसरी, आपली कृत्तिकाही तिसरी. त्यांचा दबरान चौथा, आपली रोहिणी चौथी. तो कापसाचा बोळा असलेली त्यांची नसरा आठवी, आणि पुष्यही आठवेच. सप्तर्षींचे चार तारे अरबांना तिरडी वाटले आणि तिच्यामागून चालणारे तीन तारे म्हणजे मुली, म्हणून बनातुन्नाश. उर्दू शिकलेल्यांना हे नाव डिप्टी नजीर अहमद यांच्या कादंबरीमुळे माहीत असते, आकाशामुळे नाही. आपल्याकडे तेच चार तारे बाज आणि मागचे तीन चोर. तिरडी काय आणि बाज काय, दोन्हीकडच्या माणसाला चार खुरांची वस्तूच दिसली, हे मला फार गंमतीचे वाटते.

या डोंगरांत आकाश बघायला जागा शोधणारे आपण पहिले नाही. बहमनी सुलतान फिरोजशाह याने १४०७ साली दौलताबादच्या घाटावर वेधशाळा बांधायला काढली होती, असे फिरिश्ता लिहितो. काम बघणारा गिलानी हकीम वारला आणि बांधकाम तसेच राहिले. गुलबर्ग्याला राजधानी असलेल्या सुलतानाला वेधशाळेसाठी हाच घाट का सुचला असेल, हे म्हैसमाळच्या कड्यावर रात्री एकदा उभे राहिल्यावर विचारावे लागत नाही. गौताळ्याच्या पलीकडे, डोंगर उतरून चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवी. तिथल्या शके ११२८ च्या, म्हणजे इ. स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद आहे. चांगदेव यादवराजा सिंघणाच्या दरबारात ज्योतिषी होता. पुढे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चा फारसी अनुवाद अकबराच्या दरबारात फैजीने १५८७ साली केला, आणि ‘बीजगणिता’चा १६३४-३५ च्या सुमारास अताउल्ला रशीदीने. हा अताउल्ला म्हणजे ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा, आणि आपल्या बीबी का मकबऱ्याचा वास्तुकार. मकबऱ्यावर सेल्फी काढणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी सांगते. पाटण्याच्या मठातले पुस्तक आणि संभाजीनगरचा घुमट एका माणसाच्या हातून गेले आहेत, आणि दोन्ही म्हैसमाळच्या दोन बाजूंना आहेत.

आता सहेरी. इथे मला थोडे तिरकस बोलू द्या.

सहेरीला घरात सगळ्यांत आधी कोण उठते? साडेतीनला गजर लागतो तो घरातल्या बाईच्या उशाशी. पुरुष आणि मुले उठतात पावणेपाचला, ताट वाढल्यावर. रात्रीचा सर्वांत स्वच्छ तास हा असतो: धूळ बसलेली, रहदारी थांबलेली, गावातल्या खिडक्या अजून बंद. त्या वेळी वृश्चिक दक्षिणेला उभा असतो, ज्येष्ठाचा तांबूस तारा मधोमध, त्याच्या डाव्या हाताला धनू राशीतून कहकशां वर चढत असते. दक्षिण मोकळी असेल तर अगदी तळाशी मित्र दिसतो, सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी, क्षितिजापासून फक्त नऊ अंशांवर. आणि जी एकमेव व्यक्ती या वेळी जागी आहे, ती कणीक मळत असते.

माझी नानी घड्याळ वाचायची नाही. उन्हाळ्यातल्या रमजानमध्ये ती माळवदावर झोपायची आणि विंचवाची नांगी दक्षिणेच्या भिंतीवर आली की हाक मारायची, ‘उठो रे, बिच्छू दीवार पो आया.’ तिने खालच्या चुलीपाशी जायच्या आधी रोज आकाश वाचले, कारण तिला त्याचे काम होते. तिच्या मुलीच्या हातात गजराचे घड्याळ आले, माझ्या हातात मोबाइल, आणि वर बघण्याचे कारणच उरले नाही.

म्हणून दोन वर्षांपासून आम्ही सहेरीच डोंगरावर नेतो. हे सहज झाले नाही. मुलींना पहाटे तीनला पाठवायला कुठले घर तयार होणार? एका मुलीच्या वडिलांनी मला सरळ विचारले, ‘मॅडम, तारे दिवसा दाखवता येत नाहीत का?’ चिडावे तसे नव्हते, त्यांची काळजी खरी होती. मग असे ठरले की मुलीबरोबर तिची आई, खाला, दादी, जी येईल ती येणार. एक टेम्पो भरला. रात्री करून ठेवलेला खिमा, पराठे, थर्मासात चहा, खजुराचा डबा. म्हैसमाळच्या त्या थंडीत चादरी अंथरून बायका बसल्या आणि पहिला अर्धा तास तारे कुणी बघितलेच नाहीत; इतक्या रात्री, इतक्या लांब, कुणाला काही वाढायचे नाही, याच नवलात गेला. मग एक साठीच्या खाला उताण्या झाल्या आणि म्हणाल्या, माहेरी असताना शेवटचे असे झोपले होते. त्यांची नात त्यांच्या शेजारी आडवी झाली. दुर्बीण त्या दिवशी पिशवीतच राहिली. तशीही नवख्याला दुर्बीण लागत नाही; सात गुणिले पन्नासची साधी द्विनेत्री पुष्कळ, आणि तीही नंतर.

मुलांबरोबर जायचे तर अडचण निराळी असते. एका रमजानमध्ये शूलिभंजनच्या रस्त्यावर भाचा आणि तीन विद्यार्थी घेऊन उभी होते. रात्रीचे साडेअकरा, पोरांच्या दाढ्या, डोक्यावर टोप्या, हातात दुर्बीण. गस्तीची जीप थांबली. कुठले, इथे कशाला, बॅगेत काय, ओळखपत्र. मी प्राध्यापिका आहे हे सांगितल्यावर आवाज खाली आला, पण पोरांचे चेहरे उतरायचे ते उतरलेच. हवालदारांना मी गुरू दाखवला, बाजूला ओळीने लागलेले त्याचे चार चंद्र दाखवले. त्यांनी बराच वेळ डोळा काढला नाही. मग हळूच विचारले, ‘मॅडम, शनी कुठाय? मला साडेसाती चालू आहे.’ शनी सध्या सूर्याच्या जवळ आहे, दिसत नाही, असे सांगितल्यावर त्यांना बरेच हायसे वाटले. आम्ही सगळे हसलो. तरीही त्या चौघांपैकी एक पोरगा पुन्हा कधी आला नाही. त्याच्या अब्बांनी सांगितले, मॅडम, चांगला अभ्यास करतो आहे, कशाला उगाच. मी आग्रह केला नाही. तेव्हापासून जाण्याआधी ठाण्यात लेखी कळवते, जिथे बसणार तिथल्या गावच्या पोलीस पाटलांना फोन करते, आणि सोबत एक तरी ज्येष्ठ माणूस ठेवते. तुम्हीही तसेच करा. सगळ्यांना ते सारखे लागत नाही, हे मला माहीत आहे.

डोंगरावरच्या सहेरीत आम्ही एक गोष्ट मुद्दाम बघतो: तक्त्यातली शेवटची वेळ. किताबांमध्ये दोन पहाटा सांगितल्या आहेत. आधी येते ती सुब्ह-ए-काजिब, खोटी पहाट: उभी, निमुळती, वर चढत जाणारी फिकट झाक, जिला अरब लांडग्याची शेपूट म्हणत. रोजा तिच्याने सुरू होत नाही. तिच्यानंतर क्षितिजाला समांतर आडवी पसरणारी ती सुब्ह-ए-सादिक. खोटी पहाट हा निव्वळ भास नव्हे. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेल्या बारीक धुळीवरून परावर्तित झालेला तो सूर्यप्रकाश आहे, आणि विज्ञानाने त्याला राशिचक्रीय प्रकाश असे नाव दिले आहे. या दिवसांत पहाटे ती दक्षिणेकडे कललेली असते, आकाशगंगेच्या उजेडात गोंधळायला होते. पहाटेची उभी शेपूट बघायची तर सप्टेंबर-ऑक्टोबर. पण हीच झाक फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी पश्चिमेला जवळजवळ काटकोनात उभी राहते. शेवटच्या अशऱ्यात, चंद्र नसताना, इशाच्या अजानच्या सुमारास म्हैसमाळच्या पश्चिम कड्यावर उभे राहा. गावातून ती दिसणे अशक्य. खरी पहाटही गावातून आता कुणाला दिसत नाही. आपण सगळे तक्त्यावर विश्वास ठेवतो. विश्वास ठेवायला हरकत नाही, तक्ता बरोबर आहे. पण साडेपाच उलटून गेल्यावर, छापील मिनिटाच्या आसपास, ती आडवी रेघ पूर्वेला उमटताना बघून एका मुलीने हातातला पराठा खाली ठेवला. मोबाइलवर अजान व्हायची होती.

दिव्यांबद्दल कुणाला काही सांगणे अवघड असते. उजेड म्हणजे प्रगती, उजेड म्हणजे सुरक्षितता, आणि रमजानात तर उजेड म्हणजे रौनक. मला रौनक हवी आहे; तरावीहच्या गर्दीत झालरी नसतील तर मलाच चुकल्यासारखे होईल. एवढेच म्हणते की मिनारावर खालून वर मारलेला फ्लडलाइट निम्मा आकाशात जातो. दिव्याला वरून टोपी घातली तर तोच दिवा रस्त्यावर जास्त पडतो. आमच्या मोहल्ल्यातल्या एका मशिदीच्या कमिटीने तरावीहनंतर फ्लडलाइट बंद करायचे कबूल केले. तारे हे कारण त्यांना पटले नाही, विजेचे बिल पटले. दर्ग्यांच्या उरुसात, मंदिरांच्या जत्रेत, लग्नाच्या लॉनवर, सगळीकडे हेच बोलता येईल. महाराष्ट्रातच पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. लडाखमधल्या हानलेला त्याआधी राखीव आकाश जाहीर झाले. म्हैसमाळ तेवढे काळे नाही आणि आता होणारही नाही. आहे तेवढे राहिले तरी पुष्कळ. दरवर्षी वर जाऊन बघते तेव्हा संभाजीनगरचा घुमट बोटभर मोठा झालेला वाटतो.

शेवटी चांदरातीचे सांगते, कारण त्या दिवशी तरी सगळे वर बघतात. किंवा बघत असत. आता एकोणतिसाव्या रोज्याला सगळे फोनकडे बघतात आणि चांद मुंबईहून, लखनौहून येतो. आपला आपण बघायचा तर जागा वेगळी लागते. इथे अंधार लागत नाही, लागते ती पश्चिमेची रिकामी, खालपर्यंत मोकळी कड. शूलिभंजनचा पश्चिम उतार चालतो, म्हैसमाळचा कडा त्याहून चांगला. कोर सूर्य मावळला त्या जागेच्या वर शोधायची, फार बाजूला नाही. या ऋतूत ती उभी दिसत नाही, दोन्ही टोके वर करून होडीसारखी आडवी पडलेली असते, हे आधी सांगितलेले बरे, नाहीतर लोक चित्रातल्यासारखी कोर शोधत बसतात. अमावास्येचा क्षण उलटून चोवीस तास झाले असतील तर आशा चांगली; नुसत्या डोळ्यांनी सर्वांत कोवळी कोर बघितल्याची प्रसिद्ध नोंद १५ तास ३२ मिनिटांची आहे, १९९० सालची, आणि ती बघणारा सराईत होता. सूर्यास्त झाल्याबरोबर काही दिसत नाही, आकाश अजून उजळ असते. पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यायची. इफ्तार आणि मगरिबची नमाज उरकायला तेवढीच लागतात. खजूर खिशात, चटई गाडीत, आणि गाडी परतीच्या दिशेने तोंड करून आधीच लावलेली असू द्या. खाली बाजारात मेहंदीवाल्यांकडे रांग लागलेली असते.